आईचं प्लास्टर, तुझं वेअरहाउस

पत्र :

ताई, नमस्कार. मी मूळची नागपूरची. लहानपण इतवारीत गेलं, लग्नानंतर त्रिमूर्तीनगर. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आठ वर्षं नोकरी केली. दीड वर्षापूर्वी पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेऊन आम्ही कॅनडात एडमंटनला आलो. नवरा आयटीत आहे, घरूनच काम करतो. मुलगा सहा वर्षांचा. मी एका वेअरहाउसमध्ये रात्री दहा ते सकाळी साडेसहा पॅकिंग करते. मुलाला शाळेत सोडून नऊला झोपते आणि पावणेतीनला उठून त्याला आणायला जाते. आईबाबांना सांगितलं आहे की हॉस्पिटलमध्ये काम करते. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या मेसेजवरून कळलं, आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं, हात तीन आठवड्यांपासून प्लास्टरमध्ये. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि ती हात पदराखाली ठेवून बसायची. तेव्हापासून मला धड झोप नाही. कामावर जाताना बसमध्ये रडू येतं. इथल्या फार्मसीच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेवली आहेत, उघडली नाहीत. नवरा म्हणतो, नागपूर डोक्यातून काढ, आलो तर इथलं होऊन राहावं. फोनवर सेल्फ-केअरचे व्हिडिओ येतात, मेणबत्त्या, डायरी, गरम पाण्याची आंघोळ. पाहून हसू येतं. कधी कधी वाटतं, सकाळी डोळा लागला की परत उघडूच नये. मी कमकुवत आहे का? परत यावं का? काही समजून नाही राहिलं. आणि एक, मुलगा आजीशी इंग्रजीतच बोलतो, मग आई गप्प होते. त्याच्या मराठीचा आग्रह सोडून देऊ का?

उत्तर :

अगं, मेणबत्त्या आणि परतीचा प्रश्न यांच्या मधोमध तू एक वाक्य ठेवून दिलंस, डोळा परत उघडूच नये असं वाटतं. बाकीचं पत्र मी त्याच्यानंतर वाचलं असं समज. फार थकलेल्या माणसाला असं वाटतं आणि त्यातल्या पुष्कळांना मरायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. पण तुझ्या बाबतीत यातलं काय आहे हे मी नागपुरात खुर्चीवर बसून ठरवायचं नाही आणि तूही रात्रीच्या बसमध्ये एकटीनं ठरवायचं नाही. जीव नकोसा वाटणाऱ्यांसाठी कॅनडात ३० नोव्हेंबर २०२३ पासून ९८८ हा नंबर सुरू झाला आहे. फोन कर नाहीतर मेसेज कर, चोवीस तासांत केव्हाही, पैसे पडत नाहीत. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये बोलावं लागतं, तुझं इंग्रजी त्याला पुरून उरेल. 'माझं काय एवढं' म्हणून टाळू नकोस, एवढं-तेवढं असतानाच तो नंबर लावायचा असतो. आणि कधी विचार त्याच्या पुढे गेला, कसं आणि केव्हा हे मनात यायला लागलं, तर नवऱ्याला झोपेतून उठव आणि ९११ लाव. खरं तर हे वाक्य त्याला आजच सांग. मला लिहून कळवलंस, पण त्याला सांगितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही.

आता उजेडाचा हिशेब. डिसेंबरअखेरीला एडमंटनला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. जेमतेम साडेसात तासांचा दिवस. आपल्याकडे नागपुरात वर्षातला सगळ्यांत लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो. त्या साडेसात तासांतले पावणेसहा तू पडदे ओढून झोपेत काढतेस. उरतो दीड-पावणेदोन तास, त्यातही अर्धा वेळ शाळेच्या गेटपाशी, कानटोपी आणि जाड जॅकेटच्या आत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भर दुपारी बर्डीच्या बाजारात चक्कर मारून येणाऱ्या गावची तू. तुझ्या शरीरानं काही तक्रार केली नसती तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

हे मी मनचं सांगत नाही. दर हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रीतसर वर्णन केलं आणि उजेड हाच तिच्यावरचा उपाय म्हणून वापरात आला. त्यासाठी १०,००० लक्सचे, म्हणजे खूप प्रखर उजेडाचे, दिवे मिळतात. उठल्यावर साधारण अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, दिव्याकडे टक लावून पाहायचं नाही, चहा पीत, मोबाइल पाहत बसलं तरी चालतं. मात्र रात्रपाळी करणाऱ्यानं तो कोणत्या वेळी वापरायचा हे डॉक्टरला विचारूनच ठरव, चुकीच्या वेळी वापरला तर आहे ती झोपही जाते. डोळ्यांचा काही आजार असेल किंवा घरात कुणाला बायपोलर असेल तर तेही आधी सांग. व्हिटॅमिन डीचं तर काय सांगू, खास तुझ्या गावावरच अभ्यास झालेला आहे. १९८८ मध्ये तो छापून आला. ऑक्टोबर ते मार्च एडमंटनच्या उन्हात कातडीत व्हिटॅमिन डी तयारच होत नाही, असं त्यात दिसलं. गोळीची मात्रा मी फार्मासिस्टला सांगत बसणार नाही. पण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या तुझ्यासारख्या बाईला तू काय म्हणाली असतीस? थायरॉइड बघा, हिमोग्लोबिन बघा, शाकाहारी असाल तर बी-१२ बघा. मग तेच कर.

डॉक्टरकडे जाशील तेव्हा 'थोडं थकल्यासारखं वाटतं' असं म्हणू नकोस. आपल्या बायकांची ही खोडच आहे, हात मोडला तरी 'जरासं दुखून राहिलं' म्हणतात, तुझ्या घरात ताजं उदाहरण आहेच. झोप किती तास, रडू आठवड्यातून किती वेळा, भूक कशी आहे, हे किती आठवड्यांपासून चालू आहे आणि ते वाक्य, जसंच्या तसं. कागदावर लिहून ने आणि वाचून दाखव. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज असं चाललं असेल तर डॉक्टर ते गांभीर्यानं घेतात. अल्बर्टाच्या हेल्थ कार्डावर डॉक्टरला दाखवायला पैसे लागत नाहीत. खासगी सायकॉलॉजिस्टला लागतात, पण नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात त्यातला काही भाग बहुधा मिळत असेल, ते पान उघडून पाहा. डॉक्टरची वेळ लवकर मिळत नसेल तर ८११ वर नर्स बोलते. शिवाय एडमंटन मेनोनाइट सेंटर फॉर न्यूकमर्स ही संस्था नव्यानं आलेल्यांसाठीच आहे. नोकरीपासून मनापर्यंत सगळ्याची चौकशी तिथे करता येते.

लाज वाटेल, मला माहीत आहे. ज्या गावात एका चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात आणि शाळेत कुणी वेड्यासारखं वागलं की 'याला मानकापूरला नेऊन सोडा रे' म्हणतात, त्या गावात आपण वाढलो. तो विनोद डोक्यात घर करून बसतो. पण एडमंटनच्या डॉक्टरला मानकापूरचं मनोरुग्णालय ठाऊक नाही, एवढा एक फायदा घे.

आता आईचं मनगट. मला वाटतं, तुझ्या झोपेची खरी भानगड इथे आहे.

परदेशात मुलं असलेल्या आईवडिलांशी माझं रोजचं बोलणं असतं, म्हणून कॅमेऱ्याच्या या बाजूला रविवारी सकाळी काय चालतं ते मला दिसतं. खामल्यातले एक काका गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात. मुलीचा फोन यायच्या आधी ते काठी दाराआड ठेवतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसतात. डाव्या कोपऱ्यात बसलं तर मागच्या शेल्फावरचा औषधांचा डबा दिसतो ना. काकू ओट्यावर पोह्यांची कढई मांडून ठेवतात, म्हणजे घर कसं हसतं-खेळतं दिसावं. कॉल संपला की काका दहा मिनिटं उठत नाहीत. कारण उठायला काठी लागते आणि काठी असते दाराआड. का हो एवढं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'पोरगी तिकडे एकटी, तिला कशाला ताप?'

आणि तू? तुझ्याकडे शनिवारी रात्री आठ वाजतात तेव्हा इथे रविवारी सकाळचे साडेआठ. पॅकिंगनं चिरलेली बोटं तू कॅमेऱ्यात येऊ देत नसशील. 'आज हॉस्पिटलात खूप गर्दी होती' असं काहीतरी सांगत असशील. का, तर 'आईबाबांना कशाला टेन्शन?' दोन्हीकडे वाक्य एकच, हेतूही एकच आणि चांगलाच. पण असं दोन-चार वर्षं चाललं की कॉलवर तुझी आई आणि तू नसताच, दोन बरी माणसं एकमेकींना बरं असल्याचं सांगत असतात. म्हणूनच तासभर बोलूनही फोन ठेवल्यावर पोट भरत नाही.

मोडलेलं मनगट बहुतेक सहा आठवड्यांत जुळतं. तुझी झोप उडाली ती त्या हाडामुळे नाही. आता आईच्या कुठल्याच 'बरं आहे'वर तुझा विश्वास बसत नाही, म्हणून उडाली. बाबा खोकले तरी आता मनात शंभर गोष्टी येत असतील. पुढच्या वेळी काय लपवतील, हा प्रश्न घेऊन कुणी झोपू शकत नाही. आणि याच्यावर दुसऱ्या कुणाला काही करता येणार नाही. सुरुवात तुलाच करावी लागेल, कारण दोघींमधलं जास्त जुनं खोटं तुझं आहे. रागावू नकोस. आईनं तीन आठवडे लपवलं, तू दीड वर्ष लपवते आहेस.

कसं सांगायचं? रविवारच्या दरबारात नको. तुझ्या पाळीत रात्री दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी असेल, तेव्हा इथे दुपारचे अडीच असतात. बाबा आडवे झालेले, भांडी घासून झालेली, आई एकटी. व्हिडिओ नको, नुसता आवाज. फार प्रस्तावनाही नको, नाहीतर ती घाबरून आधी रडायला लागेल. 'आई, मी हॉस्पिटलमध्ये नाही. गोदामात पॅकिंग करते, रात्रपाळी असते. फार्मसीची परीक्षा द्यायची आहे, अजून दिली नाही. तुला सांगायची लाज वाटून राहिली होती. आता तू मला हाताचं सांग, पहिल्या दिवसापासून.' एवढं पुरे. ती रडेल, तू रडशील, बाबा उठून 'काय झालं' विचारतील. होऊ दे. आणि जे वाक्य मी सगळ्यांत आधी धरलं, ते त्याच फोनवर सांगू नकोस. त्याला आधी डॉक्टर आणि नवरा. साडेबारा तास मागे-पुढे बसलेल्या आईला त्या वाक्याचं काय करावं हे कळणार नाही.

मग एक करार करा. पडणं, दवाखाना, नोकरी जाणं, एवढ्या तीन गोष्टी त्याच दिवशी कळवायच्या, दोन्हीकडून. बाकी सर्दी-पडसं लपवलं तरी माफ. शेजारच्या काकूंना आईच्या समोर, तिच्या संमतीनं सांग की काही झालं तर मला थेट मेसेज करा. चोरून बातम्या देणारी शेजारीण दोन्ही घरांत भांडणं लावते. तेच काम सांगून सवरून दिलं की ती आधार होते.

आणि काळजीच करायची आहे ना, तर तिच्यातून काहीतरी काम निघू दे. तुझी आई साठीच्या घरातली असेल. पाळी गेलेल्या बाईचं नुसतं घसरून मनगट मोडलं तर हाडं ठिसूळ झाली आहेत का हे तपासावं लागतं, त्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. प्लास्टर निघाल्यावर बोटं आणि मनगट हलवायचे व्यायाम करावे लागतात, नाहीतर हात आखडतो. पोळ्या लाटणाऱ्या बाईला ते फार महागात पडतं. बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी आणि खाली न घसरणारी मॅट हवी. आई घेत असलेल्या गोळ्यांमुळे चक्कर येते का, हे तिच्या डॉक्टरइतकंच तुलाही कळतं. चिठ्ठीचा फोटो मागव आणि बघ. हे सगळं एडमंटनच्या सोफ्यावर बसून होण्यासारखं आहे आणि हॉस्पिटलमधल्या मुलीचं सोंग घेण्यापेक्षा आईच्या जास्त उपयोगाचं आहे. आईबाबांनाच कधी मनानं जड वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तू इतवारीची ना? मग तुला मारबत सांगायला नको. वाईट ते सगळं घेऊन जाणारे ते मोठाले पुतळे, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आख्खं गाव रस्त्यावर येऊन ओरडतं, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. सोबतच्या बडग्यांच्या पुतळ्यांवर तर कुणाचं कुणाचं नाव असतं विचारू नको. जे सलतं ते बोंबलून सांगायचं आणि मग जाळायचं, हा आपल्या गावचा दीडशे वर्षांच्या घरातला रिवाज आहे. त्या गल्लीतली पोरगी पदराखालच्या हातासारखं सगळं झाकून बसमध्ये रडते, हे मला पटत नाही. एडमंटनच्या बसमध्ये ओरड असं म्हणत नाही मी. पण महिन्यातून एकदा दोन-तीन आपल्या मंडळींना चहाला बोलव. तिथल्या मिल वूड्स भागातल्या किराणा दुकानात हरभऱ्याची डाळ आणि आपलं सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेणाऱ्यांत तुला मराठी बोलणारं कुणीतरी सापडेलच. आणि त्या चहाला एक अट घाल, आज कुणीही 'सगळं मस्त' म्हणायचं नाही. बघ काय काय बाहेर निघतं. जिची इन्स्टाग्रामवरची बर्फातली चित्रं पाहून तू जळत होतीस, ती सगळ्यांत आधी रडेल.

तू विचारलंस, कमकुवत आहे का. बार्सिलोनाच्या होसेबा अचोतेगी या मनोविकारतज्ज्ञांनी स्थलांतरितांच्या याच अवस्थेवर २००२ मध्ये लिहिलं. त्यांचं म्हणणं, परदेशात गेलेला माणूस एकाच वेळी बऱ्याच गोष्टींचा शोक करत असतो. घरचे, भाषा, जमीन, संस्कृती आणि समाजातलं आपलं स्थान. डोकेदुखी, झोप उडणं, रडू येणं हे त्या अतोनात ताणामुळे होतं आणि त्याला लगेच आजाराचं लेबल लावू नये, असं ते सांगतात. तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त बोचलेली गोष्ट त्यांच्या यादीत आहे, स्थान. धंतोलीत तुला लोक 'मॅडम, ही गोळी जेवणाआधी का नंतर?' विचारायचे. आता तुला एक मशीन सांगतं की तासाला किती खोकी झाली. आई बाजूला ठेवली तरी एवढ्यानंच कुणाचंही मन मोडेल.

म्हणून तुझी नोकरी बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षा पास होईपर्यंत वाट पाहू नकोस. कॅनडात फार्मासिस्ट व्हायचं तर फार्मसी एक्झामिनिंग बोर्डाकडून आधी कागदपत्रांची तपासणी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफायिंगचे दोन भाग, एक लेखी आणि एक प्रत्यक्ष. लांबचा रस्ता आहे. रात्रभर खोकी भरून आलेल्या माणसाकडून तो चालवणार नाही, म्हणून पुस्तकं बंद आहेत. आळशी आहेस म्हणून नव्हे. पण अल्बर्टात फार्मसी असिस्टंट म्हणून काम करायला लायसन लागत नाही. पगार वेअरहाउसहून कदाचित कमी पडेल, रात्रपाळीचा भत्ता तर जाईलच. तरी जा. दिवसपाळी मिळेल, उजेड मिळेल, औषधांची तिथली नावं कानावर पडतील आणि शनिवारी आईशी बोलताना काही रचून सांगावं लागणार नाही. घरखर्चाचं गणित नवऱ्यासोबत बसून मांडा. दोन-तीनशे डॉलरचा फरक पडत असेल तर तो मी औषधाचा खर्च धरीन.

नवऱ्यावरून आठवलं. मला एक गोष्ट पत्र दोनदा वाचूनही उमगली नाही. तो घरून काम करतो, तू रात्रभर उभी राहून सकाळी झोपतेस आणि पावणेतीनला मुलाला आणायला उठतेस तू! का गं? त्याच्या मीटिंगा असतात, हो, सगळ्यांच्याच असतात. आठवड्यातले तीन दिवस तरी त्यानं शाळेत जावं. तुला सलग सात तास झोप मिळेल. त्या व्हिडिओंतल्या मेणबत्त्यांना तू हसलीस ते बरोबरच केलंस, पण स्वतःची काळजी घेणं या गोष्टीला हसू नकोस. तुझ्या घरात ती याच एका तासावर येऊन अडली आहे आणि तो तास मागावा लागेल, भांडून मिळाला तरी चालेल.

तो म्हणतो नागपूर डोक्यातून काढ. त्याचा हेतू वाईट नसेल, स्वतःचं तो तसंच दडपून बसला असेल, पुरुष बसतात. पण सल्ला अर्धाच बरोबर आहे. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांचा अनेक वर्षं अभ्यास केला. आपलं सोडून फक्त तिथलं होणारे आणि तिथलं नाकारून फक्त आपल्यांत राहणारे, या दोघांपेक्षा दोन्ही धरणारे सहसा जास्त बरे राहतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा रविवारी गोळाभात कर, वर चिंचेचं सार कर, आणि त्याच दुपारी तिघं मिळून मुट्टार्ट कन्झर्व्हेटरीला जा. काचेचे मोठे पिरॅमिड आहेत, १९७६ पासूनचे, त्यातल्या एकात उष्ण प्रदेशातली झाडं ठेवलेली असतात. बाहेर उणे वीस असताना आत दमट, ओल्या मातीचा वास येणारी ऊब. तिकीट पडतं, पण तुझ्यासारख्या मुलीला जानेवारीत तासभर तिथल्या बाकावर बसायला मिळणं वर्थ आहे.

परत यावं का? येऊ शकतेस, त्यात हरणं-बिरणं काही नाही. इथून गेलेली माणसं परत आलेली मी पाहिली आहेत आणि धरमपेठेत मजेत भाजी घेतात. पण हा निर्णय जानेवारीत घ्यायचा नाही. जूनमध्ये घे. तेव्हा तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो, तुझी झोप सुधारलेली असेल, गोळ्या-दिवा-डॉक्टर यांतलं जे काही लागेल ते सुरू होऊन पाच महिने झालेले असतील. तेव्हाही नागपूरच हवंसं वाटलं तर या, आणि ठासून या. मधल्या मधे एक लक्षात ठेव, पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. म्हणजे आईकडे दोन महिने येऊन राहिलीस तर काही बिघडत नाही. आलीस तर नातेवाइकांची यादी आधीच फाड. दर सुट्टीत सतरा घरी जाऊन चहा पिणारी मुलं मी पाहते. जाताना ती आलेल्यापेक्षा जास्त दमलेली असतात आणि आईशी निवांत बोलणं राहूनच जातं.

मुलाच्या मराठीचं सोपं आहे, पण आग्रहाची जागा बदल. फोन समोर धरून 'आजीशी मराठीत बोल, बोल ना' म्हटलं की ती तोंडी परीक्षा होते आणि परीक्षेत सहा वर्षांचं पोर पळतंच. तू घरात त्याच्याशी मराठीतच बोल, तो इंग्रजीत उत्तर देईना का. समजणं आधी येतं, बोलणं मागून. दोन भाषांनी मुलं मागे पडतात ही भीती काढून टाक. आई गप्प होते ती बहुतेक त्याचे उच्चार कळत नाहीत म्हणून, आणि आपल्याच नातवाला 'काय म्हणालास?' दहादा विचारायची तिला लाज वाटते. दोघांना गप्पा मारायला लावण्यापेक्षा काहीतरी करायला दे. आजीनं रोज दोन मिनिटांची एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवावी, त्यानं झोपताना ऐकावी. मनगटाचे व्यायाम ती कॅमेऱ्यासमोर करील, आकडे तो मोजील, मराठीत वीसपर्यंत.

आणि जमलं तर ती दोन महिन्यांची सुट्टी पोळ्याच्या बेतानं घे, त्याची शाळा थोडी बुडाली तरी बुडू दे. तान्ह्या पोळ्याला त्याच्या हातात लाकडी बैल दे आणि गल्लीतल्या पोरांमध्ये सोडून दे. दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला लागला की पोट्टं तिसऱ्या घरापर्यंत बरोब्बर मराठी बोलायला लागतं.

डॉक्टरची अपॉइंटमेंट कोणत्या तारखेची मिळाली, तेवढं दोन ओळींत कळव.

– ताई